लिंबूटिंबूचं राज्य

चारुता साबणेच्या खेळातलं एकही चित्र अजून रंगवून झालं नव्हतं, आणि तरीही त्या दिवशी सकाळपासून दहा हजार जण तो खेळत होते.

दुपारी निकाल यायचा होता. साताऱ्यात, एका पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या भाड्याने घेऊन तिने आणि तिच्या भागीदाराने त्यांना स्टुडिओ असं भारदस्त नाव दिलं होतं. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलावरची पेनं आपोआप चालायला लागायची. चारुता दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होती, आणि भागीदार अश्फाक मुजावर कंदी पेढ्यांचा बॉक्स उघडत होता, बंद करत होता.

"अरे, खा तरी नाहीतर ठेव तरी!"

"निकालाआधी पेढा खाल्ला की अपशकुन होतो. अम्मी म्हणते."

"तुझी अम्मी अपशकुन मानते?"

"फक्त पेढ्यांच्या बाबतीत. नाहीतर मी निकालापर्यंत एक तरी शिल्लक ठेवला असता का?"

चारुताला हसू आलं, पण येरझाऱ्या काही थांबल्या नाहीत. तीन वर्षं दोघांनी दुसऱ्यांच्या खेळांना ढगच ढग, झाडंच झाडं काढून दिली होती. हा पहिला खेळ त्यांचा स्वतःचा होता.

खेळ तसा साधाच, डबा ऐसपैस. ज्याने लहानपणी तो खेळला नसेल त्याच्याबद्दल हळहळ वाटते, म्हणून सांगून टाकायला हवं. एकावर राज्य येतं. बाकीच्यांपैकी कुणीतरी डबा लांब भिरकावतो, आणि राज्यवाला तो आणून जागेवर ठेवेपर्यंत सगळे लपतात. मग तो शोधायला निघतो. कुणी दिसला की त्याचं नाव घेऊन "अमका ऐसपैस!" असं ओरडायचं आणि डबा आपटायचा, की तो आउट. पण राज्यवाल्याची पाठ वळलेली बघून लपलेल्यांपैकी एखाद्याने येऊन डब्याला लाथ घातली की सगळे सुटले, आणि बिचाऱ्यावर पुन्हा राज्य. सगळे सापडले तर जो पहिला सापडला त्याच्यावर पुढचं.

चारुताच्या आराखड्यात हे सगळं एका कॉलनीच्या मागच्या अंगणात घडत होतं. पाण्याची टाकी, कव्हर घातलेल्या स्कूटरी, दोरीवरच्या चादरी, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, आणि डब्याशेजारी झोपलेला बुंद्या नावाचा कुत्रा. आपापल्या घरून आठ जणांनी एकत्र खेळायचं, बस.

पण लग्न लागण्याआधी जशा याद्या व्हाव्या लागतात, तसं खेळातलं पहिलं चित्र हलण्याआधी बरंच काही ठरावं लागतं. कोण किती वेगाने पळेल, हरल्यावर काय होईल, लहान मूल पहिल्या मिनिटात काय शिकेल, कुठे आवाज, कुठे शांतता. याला या धंद्यात प्री-प्रॉडक्शन म्हणतात. पूर्वी ही पूर्वतयारी कागदावर व्हायची आणि खेळ लोकांना आवडणार की नाही हे दोन वर्षं राबून खेळ बाजारात गेल्यावर कळायचं. तोवर घरचं सगळं किडूकमिडूक संपलेलं असायचं.

मग 'गडी' आले.

गडी म्हणजे कृत्रिम खेळाडू, पण नुसता जिंकणारा यंत्रमानव नव्हे. तसले कितीतरी आधीच होते. दहा हजार खऱ्या माणसांनी वर्षभर आपल्या घरी निरनिराळे खेळ खेळले. बोट किती वेळ घुटमळतं, नजर कुठे जाते, हरल्यावर माणूस पुन्हा खेळतो की फोन उशीखाली टाकतो, या सगळ्याची त्यांच्या परवानगीने नोंद झाली. त्यावरून प्रत्येकाचा एकेक गडी शिकवला गेला. गड्याला मजा वाटत नाही आणि कंटाळाही येत नाही. त्याला एवढंच सांगता येतं की या क्षणी त्याच्या माणसाचं बोट काय करील, आणि तो माणूस आणखी खेळेल की उठून जाईल. दुसरं यंत्र खेळाचा लेखी आराखडा वाचून त्याचा ठोकळ्या-ठोकळ्यांचा कच्चा खेळ काही तासांत उभा करतं. त्या कच्च्या खेळात हे दहा हजार गडी सोडायचे, आणि संध्याकाळच्या आत कौल घ्यायचा.

कौल शंभरात सत्तरच्या वर लागला तर पुण्याची प्रकाशक कंपनी खेळ करायला घ्यायची. खाली लागला तर कुणी दारात उभं करत नसे. प्रत्येक आराखड्याला दोन संधी. तिसरी मागायला गेलात तर तुमच्या मेलला उत्तरही यंत्रच द्यायचं.

अश्फाकच्या कॉम्प्युटरने टुण्ण केलं.

"एकसष्ट," तो म्हणाला आणि बॉक्सचं झाकण लावून टाकलं.

* * *

"पण पहिली दहा मिनिटं बघ ना!" चारुता पडद्यावर बोट आपटत म्हणाली. "चढतोय आलेख, चढतोय, चढतोय... आणि इथे एकदम दरीत. काय झालं काय इथे?"

अश्फाकने दरीत पडलेले गडी वेगळे काढले. सगळे एकाच जातकुळीचे निघाले. ज्यांचे हात हळू, ज्यांची नजर अधू, ज्यांना पळता येत नाही, असे. आणि त्या सगळ्यांना चारुताच्या सगळ्यात लाडक्या नियमाचा लाभ मिळालेला होता.

तो नियम होता लिंबूटिंबूचा. आपल्याकडे कुठल्याही गल्लीत खेळ रंगला आणि कुणाचं शेंडेफळ मागे लागलं की त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो खेळतो, पण आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. म्हणजे मूलही खूश आणि त्याची आईही. चारुताने हाच नियम आराखड्यात घातला होता. लागोपाठ तीनदा सगळ्यांत आधी सापडलात की तुमच्या डोक्यावर एक छोटं लिंबू झळकणार आणि मग तुम्हाला कुणी पकडू शकणार नाही. दुबळ्यांना सांभाळून घेणारा खेळ! प्रकाशकांना पाठवलेल्या पत्रात तिने त्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता.

"यांना कुणी आउटच करत नाही, तरी हे उठून का जातायत?" ती म्हणाली. "तोटा तर काहीच नाही यांचा!"

"यंत्राला लिंबूटिंबू काय कळणार? तो आपल्या रक्तातला नियम आहे," अश्फाक म्हणाला. मग खुर्ची फिरवून जरा हळू बोलला. "खाली सल्ला आलाय. वाचू? 'संथ गट चाचणीतून वगळल्यास अंदाजे शहात्तर.'"

"वगळायचं?"

"नियमात बसतं. आमचा खेळ यांच्यासाठी नाही, असं एका चौकटीत टिक करायचं. सगळे करतात. म्हणून तर हल्ली सगळे खेळ सारखेच." त्याने मान खाजवली. "चारू, सोमवारी मला पुण्याच्या नोकरीचं हो-नाही कळवायचंय. शुक्रवारी दुसरी संधी. शहात्तर हातात आहेत."

चारुताने पडद्यावरच्या त्या चौकटीकडे पाहिलं. शहात्तर हा आकडा तिच्या डोळ्यांपुढे नाचायला लागला. टिक करायला कितीसा वेळ लागतो? कुणाला कळणारही नव्हतं.

पण एका माणसाला कळलं असतं. तिचा धाकटा भाऊ निनाद वाईला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. जन्माच्या वेळी त्याला प्राणवायू कमी पडला होता. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचायला उशीर व्हायचा. गडी तयार करायचं काम निघालं तेव्हा त्याने हौसेने वर्षभर खेळून आपली नोंद दिली होती. "ताई, माझाही एक गडी आहे. माझ्यासारखाच ऐतखाऊ," असं सगळ्यांना सांगत फिरायचा. त्या संथ गटात निनादचा गडी होता. टिक केली की तोही बाहेर.

तिने फोन लावला.

"एकसष्ट? शाबास!" निनाद म्हणाला. "माझ्या बारावीच्या पोरांपेक्षा बरे आहेत."

"चेष्टा नको रे. तुझा गडी तुझ्या परवानगीशिवाय उघडता येत नाही. तो खेळात नेमकं काय करतो ते बघायचंय. उद्या येशील?"

"पेढे आहेत?"

"आहेत."

"मग आलोच."

* * *

निनाद जिना चढून वर यायला त्याचा त्याचा वेळ घ्यायचा, आणि कुणी हात पुढे केलेला त्याला खपत नसे. वर येऊन बसला, दम खाल्ला, अंगठा टेकवून परवानगी दिली. अश्फाकने पडद्यावर कच्चा खेळ लावला. करड्या ठोकळ्यांचं अंगण, ठोकळ्याची टाकी, ठोकळ्याचा कुत्रा. निनादचा गडी म्हणजे एक निळा ठोकळा होता.

निळा ठोकळा टाकीमागे लपायला निघाला आणि पोचायच्या आत सापडला. पुन्हा सापडला. पुन्हा. मग त्याच्या डोक्यावर लिंबू झळकलं.

"आता बघ," चारुता म्हणाली.

ठोकळा थोडा वेळ इकडेतिकडे फिरला. मग टाकी सोडून, चादरी सोडून, थेट अंगणाच्या मधोमध आला आणि राज्यवाल्याच्या समोर उभा राहिला. राज्यवाला बाजूने निघून गेला. ठोकळा वळला, हळूहळू चालत पुन्हा त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. राज्यवाला पुन्हा निघून गेला. असं बराच वेळ चाललं. शेवटी ठोकळा डब्यापाशी जाऊन थांबला आणि विझला.

"हा गेला उठून," अश्फाक म्हणाला. "सगळे लिंबूटिंबू हेच करतात. मला तर कच्च्या खेळातलीच गडबड वाटते. लपायच्या खेळात कुणी असं समोर जाऊन उभं राहतं का?"

निनाद आधी मोठ्याने हसला. इतका, की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसता पुसता हसणं थांबलं, तरी तो डोळे पुसतच राहिला.

"गडबड नाही रे ती," तो म्हणाला. "तो स्वतःला पकडून घ्यायला बघतोय."

चारुताने पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"मी हेच करायचो ताई. तू सगळ्यांना दटावून सांगायचीस, 'आमचा निनाद लिंबूटिंबू आहे हं!' सगळे ऐकायचे. माझी काळजी घ्यायचे. मी उघड्यावर फिरलो तरी कुणी माझं नाव घ्यायचं नाही. एकदा तर मी हळूहळू, हळूहळू सरकत डब्यापर्यंत पोचलो. कुणाला चाहूलही लागली नाही. घातली लाथ! डबा असा वाजला म्हणून सांगू! वाटलं, सगळे सुटले, माझ्यामुळे सुटले." तो थांबला. "कुणीतरी डबा उचलून परत जागेवर ठेवला. म्हणे, लिंबूटिंबूचा डबा धरत नाहीत. ज्याला आउट होता येत नाही, तो खेळात तरी कुठे असतो?"

"मला कधी बोलला नाहीस," चारुता म्हणाली.

"काय बोलणार? तू केवढी खुशीत असायचीस मला खेळायला घेतलं म्हणून! आणि खरं सांगू, मी विसरलोही होतो. या ठोकळ्याने आठवण करून दिली. लेकाचा माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाला."

चारुताला रडूही येत होतं आणि आपला लाडका परिच्छेद आठवून स्वतःचं हसूही येत होतं. पण त्या दोन्हींच्या मधून तिसरंच काहीतरी डोकं वर काढू लागलं. ती ताडकन उठली.

"काय म्हणालास तू मघाशी? हळूहळू पोचलो आणि...?"

"आणि कुणाला चाहूल लागली नाही."

"का नाही लागली?"

"कशी लागणार? बाकीचे धावायचे, चपला फटाफटा वाजायच्या. माझा आवाजच यायचा नाही."

"अश्फाक!" ती एवढ्या जोरात ओरडली की तो खुर्चीतून अर्धा उठला. "आवाज! खेळात आवाज घाल! जेवढी घाई तेवढा आवाज!"

पुढचे काही तास त्या खोलीत कुणी धड बसलं नाही. फरशीवर खडूने अंगण आखलं. शर्टाची बटणं झाली गडी आणि अश्फाकचा जेवणाचा स्टीलचा डबा झाला डबा. एक घर सरकलं तर टिचकी नाही. दोन घरं सरकलं तर एक टिचकी, तीन घरं तर टाळी. राज्यवाल्याने पाठ करून बसायचं आणि आवाजावरून ओळखायचं. अश्फाक दणादणा पळाला आणि पहिल्याच डावात सापडला. निनादचं बटण एकेक घर सरकत, कुणाच्या गावीही नसताना, डब्याला जाऊन भिडलं.

"पण आवाज पडद्यावर दाखवायचा कसा?" अश्फाक म्हणाला. "पट्टी नको, पट्टी सगळ्यांच्याच खेळात असते. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय?"

"बुंद्या!" चारुताने कागद ओढला आणि भराभर रेघा मारल्या. डब्याशेजारी झोपलेला कुत्रा. कुणी चाललं की त्याचा एक कान उभा, धावलं की दोन, उधळलं की उठून भुंकायला लागणार, आणि तोंड थेट त्या दिशेला! निनादने चित्र बघून टेबलावर थाप मारली. ती जरा उशिराच पडली, पण मनापासून पडली.

मग चारुता भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यापाशी गेली. तिथे सगळ्यात वर तिच्या सुबक अक्षरात लिंबूटिंबूचा नियम लिहिलेला होता. तिने तो तळहाताने पुसला. आता नियम सगळ्यांना एकच.

अश्फाक तिच्याकडे बघत उभा होता. "चारू, एक सांगतो. गड्यांमध्ये संथ थोडेच आहेत. धावणारे ढीगभर आहेत, आणि आपण त्यांच्या पायात बेडी घालतोय. ते वैतागून उठले तर एकसष्टचे चाळीस होतील. शहात्तर टिक केल्यावर मिळतायत."

"माहीत आहे."

"म्हणजे जुगार?"

"तू सांग. पुण्याची नोकरी तुझी आहे."

अश्फाकने फरशीवरच्या बटणांकडे पाहिलं. त्याचं बटण अंगणाच्या मध्यावर आउट होऊन पडलं होतं आणि निनादचं डब्याला टेकून ऐटीत बसलं होतं. "साला, मला पुन्हा एकदा खेळायचंय," तो म्हणाला. "निदान याला एकदा तरी हरवल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. पाठव!"

* * *

शुक्रवारी निनादने कॉलेजातून रजा टाकली. सकाळीच आराखडा गेला आणि दुपारपर्यंत नवा कच्चा खेळ उभा राहिला. संथ गटाची चौकट तशीच कोरी ठेवून चारुताने बटण दाबलं, आणि पुण्याच्या कुठल्याशा थंडगार खोलीत दहा हजार गडी नव्या अंगणात उतरले.

वाट बघण्यासारखं वाईट काम नाही. अश्फाकने तो कच्चा खेळ तिघांच्या फोनवर उतरवून घेतला आणि फोन वाटले. चारुतावर राज्य आलं.

तिने डबा आणून ठेवला आणि शोधायला सुरुवात केली. ठोकळ्याच्या कुत्र्याचे दोन्ही कान उभे राहिले, मग तो भुंकायलाच लागला. अश्फाक स्कूटरींच्या मागे घसरला होता. तो डोकं बाहेर काढायची वाट बघत ती तशीच दबा धरून राहिली. कुत्रा पुन्हा झोपला. सगळं शांत झालं. फारच शांत. चारुताच्या मनात आलं, निनाद कुठाय? तिने गर्रकन दृश्य फिरवलं. डब्यापासून फक्त दोन पावलांवर निळा ठोकळा होता. सोडून द्यावा का, असा विचार एक क्षणभर तिच्या मनात आला. जुनी सवय! पुढच्याच क्षणी ती घसा ताणून ओरडली,

"निनाद ऐसपैस!"

डबा वाजला. निळा ठोकळा लाल झाला. निनाद फोनकडे बघत राहिला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"निनाद ऐसपैस."

"अगं मोठ्याने!"

"निनाद ऐसपैस! आउट! आउट आहेस तू! दोन पावलांवर होतास मूर्खा, दोन पावलांवर!"

निनाद खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभा राहिला. त्याला जो आनंद झाला होता तो कुठे ठेवावा हे त्याचं त्यालाच कळेना. "चौतिसाव्या वर्षी आउट झालो रे अश्फाक! पहिल्यांदा!" अश्फाकने त्याला मिठी मारली. तेवढ्यात चारुताने फोनवर डबा आपटून आपल्यालाही आउट केलंय हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"पहिला सापडलो ना मी?" निनाद म्हणाला. "मग माझ्यावर राज्य. पण फोनवर नाही. इथे. खरं खरं." त्याने टेबलावरचा अश्फाकचा डबा उचलला आणि खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवला.

"वाजवताना जपून. पोचा आला तर अम्मी मला घरात घेणार नाही."

"भिरकवायचा नाही, मी शंभरपर्यंत मोजतो. लपा!"

निनाद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हात डोळ्यांपर्यंत न्यायला त्याला वेळ लागला, पण त्याने ते नीट घट्ट झाकले आणि मोजायला सुरुवात केली. "दहा... वीस... तीस..." दोन मोठी माणसं चपला काढून, श्वास रोखून, तोंडावर हात दाबत लपायला पळाली. चारुता कपाटाच्या मागे शिरली. अश्फाक आतल्या खोलीच्या दारामागे.

"ऐंशी... नव्वद..."

टुण्ण!

चारुताने कपाटाआडून डोकावलं. निकाल! तिचा फोन खोलीच्या मध्यावर, टेबलावर, उघडावाघडा पडला होता. अश्फाकने दाराच्या फटीतून तिच्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. तिने मानेनेच सांगितलं, हलू नकोस.

"शंभर!" निनादने हात खाली घेतले. वळला. टेबलापाशी आला आणि वाकून फोनकडे बघितलं. कपाटामागून चारुताला त्याची फक्त पाठ दिसत होती. पाठीवरून काही म्हणजे काही कळेना.

"अरे वा," तो सावकाश म्हणाला. "इथे एक आकडा आलाय. कुणाला बघायचाय का?"

चारुताने तोंडावरचा हात आणखी दाबला.

"नाही? मग पुसून टाकू?"

"एऽ!" चारुता कपाटामागून बाहेर उसळली, तिकडून अश्फाक दार आपटत धावला, टेबलावरची पेनं खाली सांडली, आणि निनादने डबा उचलून फरशीवर असा आपटला की खालून गिरणीवाल्याने "काय पडलं?" म्हणून हाक मारली.

"चारुता ऐसपैस!" निनाद ओरडला. "अश्फाक ऐसपैस! चौऱ्याहत्तर ऐसपैस!"

डब्याला पोचा आला होता. आणि पुढचं राज्य चारुतावर होतं.